हस्तातल्या दीर्घिकांची शेपटी फोटोत का बुडते

होळी झाली आणि गहू-हरभरा घरी आला की आमच्याकडे दुर्बीण बाहेर काढायचे दिवस येतात. आभाळ मोकळं असतं, रात्र कोरडी असते आणि दीर्घिकांचा हंगाम ऐन भरात असतो. त्याच सुमाराला ओळखीतल्या हौशी मंडळींकडून मला दरवर्षी एकाच दुखण्याचे फोटो येतात. माझेही तीन उन्हाळे याच दुखण्यात गेले, म्हणून ते एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

लक्षण असं. हस्त नक्षत्रातल्या अँटेनी दीर्घिका, म्हणजे एनजीसी या आकाशातल्या वस्तूंच्या यादीतल्या ४०३८ आणि ४०३९, यांचा गाभा फोटोत छान येतो. एकमेकींत घुसलेल्या दोन दीर्घिका, मधे धुळीचे पट्टे, कडेला ताज्या ताऱ्यांचे निळसर ठिपके. पण ज्या दोन लांब मिशांमुळे या जोडीला कीटकाच्या स्पर्शिकांचं नाव मिळालं, त्या शेपट्या येतच नाहीत. त्या दिसाव्यात म्हणून फोटो ताणला, म्हणजे मंद भाग सॉफ्टवेअरनं उजळ केला, की सगळीकडे बारीक तिरप्या रेघा उमटतात, वाऱ्यानं तिरका झालेला पाऊस असावा तशा. कधी सोबतीला कोपरे उजळतात आणि मधला भाग काळवंडतो. शेपटी त्यातच कुठेतरी गेलेली असते.

यावर सगळे सांगतात, ‘अजून एक्स्पोजर घ्या’. मीही तेच केलं. तीन तासांचे नऊ तास केले. रेघा कमी व्हायच्या ऐवजी आणखी ठसठशीत झाल्या. दुखणं कुठे आहे ते तिथे कळलं. प्रकाश पुरेसा गोळा झाला होता, पार्श्वभूमी सपाट नव्हती.

शेपटी किती मंद आहे, याचा एकदा हिशोब करा

आमचं वावर वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. अमावास्येच्या चांगल्या रात्री माझ्या मीटरवर आकाश दर चौरस आर्कसेकंदाला (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) २१.५ प्रतीच्या आसपास येतं. प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद. गावाजवळ राहून एवढं अंधारं आकाश मिळतं, ही मोठी गोष्ट आहे. आता शेपटीची तेजस्विता त्याच मापात २५ प्रत धरा. फरक साडेतीन प्रतींचा, म्हणजे तेजात २५ पट. कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलवर आकाशाच्या प्रकाशाचे १०० दाणे पडले, तर शेपटीचे पडतात ४.

हा ४ टक्क्यांचा आकडा डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं. पार्श्वभूमी कुठल्याही कारणानं ४ टक्क्यांनी वरखाली झाली, मग ते सेन्सरचं पॅटर्न असो, चुकलेला फ्लॅट (कोपऱ्यांचा कमी उजेड भागाकारानं सारखा करायला घेतलेली कोऱ्या पांढऱ्या उजेडाची फ्रेम) असो की क्षितिजावरचा धूर, तर ती गडबड शेपटीएवढीच मोठी असते. गाभा त्यातून तरतो, कारण तो कितीतरी उजळ आहे. म्हणूनच एवढे दिवस आपल्याला वाटत राहतं की सगळं ठीक चाललंय.

या शेपट्यांसाठी एवढा जीव का टाकायचा, तेही सांगतो. अलार आणि युरी टूमरे या भावांनी १९७२ साली कॉम्प्युटरवर गणित मांडून दाखवलं, की दोन दीर्घिका जवळून गेल्या तर केवळ गुरुत्वाकर्षणाच्या ओढीनं अशा शेपट्या बाहेर फेकल्या जातात. समुद्राला भरती आणणारीच ही ओढ, फक्त ताऱ्यांवर चालणारी. त्यांनी सोडवलेल्या उदाहरणांत हीच जोडी होती. शेपटी नसलेला अँटेनींचा फोटो म्हणजे धडक आहे, पण ती कशी झाली ते सांगणारा साक्षीदारच चौकटीत नाही.

आणि ही जोडी आपल्यासाठी सोयीच्या जागी आहे. पावसाळ्याच्या शेवटी शेतकरी ज्याला ‘हत्ती’चा पाऊस म्हणतात, तो सूर्य हस्तात असतानाचा. सहा महिन्यांनी, मार्च-एप्रिलमध्ये, तेच नक्षत्र रात्री दक्षिणेला उभं राहतं. आमच्या २१ अंश अक्षांशावरून ही जोडी मध्यावर येते तेव्हा क्षितिजापासून सुमारे ५० अंश वर असते. युरोपातल्या लोकांना ती धुक्याच्या थरात शोधावी लागते.

तिरप्या रेघा

माझं सामान साधं आहे. सहा इंची, ७५० मिमी फोकल लेंग्थची न्यूटोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण, ताऱ्यांबरोबर फिरणारं विषुववृत्तीय माउंट, जुना कॅनन ६००डी, आणि वर बसवलेली १२० मिमीची छोटी गाइड दुर्बीण, जी एक तारा धरून माउंटची चाल सुधारत राहते. तुमचं वेगळं असेल, पण रेघांचं कारण बहुधा हेच निघेल.

प्रत्येक सेन्सरला स्वतःचा एक ठसा असतो. काही पिक्सेल गरम, काही थोडे मंद, काही ओळी किंचित उजळ. हा ठसा दर फ्रेमला त्याच जागी असतो. आता रात्रभरात तारे फ्रेममध्ये थोडे थोडे सरकत गेले, एकाच दिशेनं, अगदी फ्रेममागे अर्धा पिक्सेल. स्टॅकिंग करताना सॉफ्टवेअर तारे एकावर एक बसवतं, म्हणजे ठसा उलट दिशेला सरकवतं. शंभर फ्रेम झाल्या की प्रत्येक गरम पिक्सेलची एक रेघ तयार होते. फ्रेम वाढवल्या की रेघ लांब आणि स्पष्ट होते. साधा नॉइज फ्रेम वाढवल्यानं दबतो, हा दबत नाही, कारण तो दर वेळी एकाच चालीनं चालतो.

खात्री करायची असेल तर दहा मिनिटांचं काम आहे. त्या रात्रीची पहिली आणि शेवटची फ्रेम न जुळवता उघडा. एकच तारा दोन्हींत शोधा आणि तो किती पिक्सेल, कुठल्या दिशेला गेला ते कागदावर लिहा. माझा तारा तीन तासांत ४१ पिक्सेल गेला होता, खालून वर, किंचित डावीकडे. स्टॅकमधल्या रेघांची दिशा नेमकी तीच. त्यानंतर मला दुसरा पुरावा लागला नाही.

गाइडिंग चालू असताना तारा सरकतोच कसा, हा प्रश्न पडणारच. गाइड दुर्बीण स्वतःचा तारा घट्ट धरून असते, पण मुख्य दुर्बीण आणि गाइड दुर्बीण यांच्यातलं काहीतरी रात्रभर वाकत असतं. माझ्याकडे दोन गोष्टी निघाल्या. गाइड दुर्बिणीच्या कड्यांचे प्लॅस्टिकचे स्क्रू, आणि कॅमेऱ्याच्या वजनानं हळूहळू खाली बसणारा फोकसर, म्हणजे कॅमेरा धरणारी पुढेमागे सरकणारी नळी. रेघा सरळ असतील तर असं वाकणं शोधा. रेघा एखाद्या बिंदूभोवती गोल वळलेल्या दिसल्या, तर पोलर अलाइनमेंट, म्हणजे माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं, चुकलं आहे. आपल्याकडे ध्रुवतारा फक्त २१ अंशांवर असतो, उत्तरेला आंबा किंवा गोठ्याचं छप्पर असलं की तो दिसतच नाही, आणि उन्हाळ्यात धुळीच्या पट्ट्यात बुडतो. अशा वेळी नीना या कॅमेरा-दुर्बीण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं तीन बिंदूंचं पोलर अलाइनमेंट वापरा, त्याला ध्रुवतारा दिसावा लागत नाही.

स्क्रू बदला, फोकसर कसा, सगळं करा. पण खरा उतारा डिथरिंग. दर फ्रेमनंतर दुर्बीण जाणूनबुजून थोडी हलवायची, कधी इकडे, कधी तिकडे, ठरावीक चाल न ठेवता. मग ठसा प्रत्येक फ्रेममध्ये ताऱ्यांच्या मानानं वेगळ्या जागी पडतो, आणि स्टॅकिंगमधलं सिग्मा क्लिपिंग त्याला उपरा समजून काढून टाकतं.

डिथरिंग चालू होतं, तरी रेघा आल्या, असं मला तिघांनी सांगितलं. तिघांचीही चूक एकच निघाली, आकडा लहान. पीएचडी२ या गाइडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डिथरचा आकडा गाइड कॅमेऱ्याच्या पिक्सेलमध्ये असतो, मुख्य कॅमेऱ्याच्या नाही. माझा हिशोब असा: गाइड कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७५ मायक्रॉन, दुर्बीण १२० मिमी, म्हणजे एक पिक्सेल सुमारे ६.४ आर्कसेकंद. मुख्य कॅमेऱ्याचा पिक्सेल ४.३ मायक्रॉन, दुर्बीण ७५० मिमी, म्हणजे सुमारे १.२ आर्कसेकंद. गाइडचा एक पिक्सेल मुख्यच्या जवळजवळ साडेपाच पिक्सेलएवढा. मला निदान १५ पिक्सेल हलवायचं आहे, तेव्हा गाइडमध्ये ३ लिहायचं. लांब गाइड दुर्बीण किंवा ऑफ-अ‍ॅक्सिस गाइडर (मुख्य दुर्बिणीतूनच गाइडचा तारा पाहणारा) असेल तर हाच ३ फार तोकडा पडतो. तुमचे आकडे घालून एकदा भागाकार कराच.

हलवल्यावर तारा पुन्हा स्थिर व्हायला पंधरा-वीस सेकंद जातात. १८० सेकंदांच्या फ्रेममागे हा वेळ मी आनंदानं देतो. ज्यांच्याकडे गाइडिंग नाही त्यांनी हातातल्या कंट्रोलरनं दर पाच फ्रेमनंतर दुर्बीण हलवावी. अर्ध्या साइडेरियल वेगावर, म्हणजे ताऱ्यांच्या रोजच्या चालीच्या निम्म्या वेगावर, अडीच सेकंद बटण दाबलं की माझ्या दुर्बिणीत १५ पिक्सेल होतात. कधी पूर्वेला, कधी उत्तरेला, कधी उलट. एकाच दिशेला दाबत राहिलात तर रेघा तुम्हीच काढाल.

उन्हाळा आणि डार्क

दीर्घिकांचा हंगाम आणि विदर्भाचा उन्हाळा एकत्र येतात, त्याला इलाज नाही. एप्रिलच्या मध्यावर हस्त साडेदहाच्या सुमाराला मध्यावर येतं, म्हणजे साधारण आठ ते दीड ही कामाची वेळ. आठ वाजता वावरात ३५ अंश असतात, दीडला २७. थंड न होणारा डीएसएलआर त्याहून आठ-नऊ अंश गरम चालतो. फोटोच्या एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलसोबतच्या नोंदीत, कॅमेऱ्याचं तापमान लिहिलेलं असतं, माझ्या एका रात्रीचं पहिल्या फ्रेमला ४४ आणि शेवटच्या फ्रेमला ३६ होतं.

सेन्सरचा डार्क करंट, म्हणजे उष्णतेनं अंधारातही येणारा खोटा संकेत, साधारण दर ६ अंशांना दुप्पट होतो. तो वजा करायला टोपी लावून तेवढ्याच वेळाच्या फ्रेम घेतात, त्या डार्क. ८ अंशांचा फरक म्हणजे अडीच पट. पहाटे सामान आवरताना घेतलेले डार्क संध्याकाळच्या फ्रेमला लावले, तर गरम पिक्सेल अर्धेही वजा होत नाहीत, आणि संध्याकाळचे डार्क शेवटच्या फ्रेमला लावले तर पिक्सेलच्या जागी काळे खड्डे पडतात. दोन्हींच्या रेघाच होतात. माझं मत आता पक्कं झालं आहे: थंड न होणाऱ्या कॅमेऱ्याला उन्हाळ्यात न जुळणारा डार्क लावण्यापेक्षा डार्क नसलेला बरा. बायस (टोपी लावून सर्वात कमी वेळाची फ्रेम, सेन्सरचा मूळ आकडा) वजा करा, सिरिल या स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये गरम पिक्सेल पुसणारं कॉस्मेटिक करेक्शन लावा, डिथर मोठा ठेवा. डार्क लावायचेच असतील तर एक्झिफमधल्या तापमानानुसार दोन-दोन अंशांचे गठ्ठे करून ठेवा आणि फ्रेमही तशाच वाटा. मी एक वर्ष ते केलं. वेळ फार जातो.

कॅमेरा थोडा थंड ठेवता येतो. मागची स्क्रीन उघडून बाहेर वळवा, लाइव्ह व्ह्यू फोकसपुरता, आणि पाठीमागे १२ व्होल्टचा कॉम्प्युटरमधला छोटा पंखा वेगळ्या स्टँडवर. घरातला कुलर समोर आणायचा मोह होतो, पण ती ओली हवा आरशासाठी आणि कॅमेऱ्यासाठी बरी नाही. आणि सामान स्लॅबवर मांडू नका. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत आच सोडत राहतो. वावरातली माती लवकर निवते.

उजळ कोपरे, काळं मध्य

कोपरे गडद राहिले तर फ्लॅट कमी पडला, कोपरे उजळले तर फ्लॅट जास्त झाला. दुसरा प्रकार जास्त सतावतो. त्यात पहिलं पाहायचं ते बायस. फोटोच्या फ्रेममधून बायस वजा केला नसेल तर भागाकारच चुकतो. टोपी लावून १/४००० सेकंदाच्या पन्नास फ्रेम घ्या, एकदाच घेतल्या तरी वर्षभर चालतात. फ्लॅट मी संध्याकाळी घेतो, दुर्बिणीच्या तोंडावर धुतलेल्या पांढऱ्या धोतराची दुहेरी घडी ताणून बांधतो आणि नळी डोक्यावर वळवतो. कॅमेऱ्याच्या हिस्टोग्रामचा, म्हणजे उजेडाच्या आलेखाचा, डोंगर मधोमध आला की पुरे. कॅमेरा फिरवला किंवा काढून पुन्हा बसवला तर फ्लॅट नव्यानं घ्यायचे, यात सवलत नाही.

एवढं करूनही कोपरे उजळले, तर प्रकाश चोरवाटेनं आत येतो आहे. न्यूटोनियनमध्ये आरशाच्या मागची फट आणि फोकसरची कड, डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडर. तपासायला अंधारात टोपी लावून १८० सेकंदांची एक फ्रेम घ्या. मग दुसरी फ्रेम चालू असताना कोणालातरी टॉर्च घेऊन दुर्बिणीभोवती फिरायला सांगा. दोन्ही फ्रेम ताणून शेजारी ठेवा. माझ्या दुसऱ्या फ्रेममध्ये खालच्या उजव्या कोपऱ्यात चंद्रकोरीसारखा पट्टा आला. आरशाच्या मागे काळं फडकं बांधलं, व्ह्यूफाइंडरवर चिकटपट्टी लावली, पट्टा गेला.

तो चोर प्रकाश कुठला होता, हेही शोधावं लागलं. शेजारच्या वावरात उन्हाळी भुईमूग होता आणि रानडुकरं, रोही येऊ नयेत म्हणून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रात्रभर लुकलुकणारा दिवा लावलेला. मी जाऊन विचारलं, अमावास्येच्या दोन रात्री बंद ठेवता येईल का. काकाजी म्हणाले, ‘दिवा बंद नाही करता येत भाऊ, डुकरं एका रातीत वावर साफ करून टाकतेत. पण तुले काहून पाहिजे अंधार?’ मी लॅपटॉप नेऊन फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला, मग घरातून तेलाच्या जुन्या पिप्याचा पत्रा आणून माझ्या बाजूला दिव्याच्या आड खिळ्यानं ठोकला. दिवा चालू, डुकरांवर धाक तसाच, आणि माझ्याकडे अंधार. वाद घालण्यापेक्षा फोटो दाखवणं केव्हाही चांगलं.

धूर आणि सॉफ्टवेअर

खरिपाच्या तयारीला एप्रिल-मेमध्ये धुरे पेटवतात, पऱ्हाटीचे ढीग जाळतात. तो धूर संध्याकाळी खाली बसतो आणि गावातल्या एलईडी दिव्यांचा प्रकाश त्यात पसरतो. फ्रेमची एक बाजू उजळते. अशा रात्री जोडी ३५ अंशांच्या वर असतानाच्याच फ्रेम ठेवा. सिरिलमध्ये प्रत्येक फ्रेमच्या पार्श्वभूमीचा आलेख काढता येतो, त्यात उसळलेल्या फ्रेम काढून टाका. अवकाळी पाऊस पडून गेला की त्याच्या दुसऱ्या रात्री काहीही करून बाहेर पडा, आकाश धुऊन निघालेलं असतं.

उरलेला उतार सॉफ्टवेअरनं काढायचा, आणि पुष्कळांची शेपटी इथेच जाते. सिरिल असो की पार्श्वभूमी काढणारा ग्रॅक्सपर्ट प्रोग्रॅम, आकाश मोजायला आपोआप टाकलेले नमुन्याचे ठिपके शेपटीवरही पडतात. प्रोग्रॅमला शेपटी म्हणजे आकाशाचा उतार वाटतो आणि तो ती सफाईनं वजा करतो. फोटो गुळगुळीत दिसतो, म्हणून संशयही येत नाही. मी स्टॅक करण्याआधी प्रत्येक फ्रेममधून फक्त सरळ, पहिल्या घाताचा उतार काढतो. सरळ उतार शेपटीसारखी वाकडी वस्तू खाऊ शकत नाही. स्टॅक झाल्यावर उरलंसुरलं काढायला ठिपके हातानं टाकतो, आणि जोडीच्या दोन्ही बाजूंना सुमारे १० आर्कमिनिटांच्या पट्ट्यात एकही नाही. दोन्ही शेपट्या मिळून टोकापासून टोकापर्यंत साधारण २० आर्कमिनिटं पसरल्या आहेत, चंद्राच्या दोन तृतीयांश.

शेपटी आहे की मनाचा भास, हे तपासायला फोटो कृष्णधवल करा, उलटा करा, म्हणजे आकाश पांढरं आणि तारे काळे, आणि आकार चौथ्या हिश्शावर आणा. १६ पिक्सेलचा एक पिक्सेल झाला की नॉइज चौथ्या हिश्शावर येतो. पांढऱ्यावरचा फिकट करडा डाग डोळा लवकर पकडतो. याच पद्धतीनं आधी एम ५१ या दीर्घिकेवर हात बसवा. ती उत्तरेला ६४ अंशांपर्यंत चढते, आणि तिच्या सोबतिणीभोवतीची, एनजीसी ५१९५ भोवतीची, विस्कटलेली आभा अँटेनींच्या शेपटीपेक्षा सोपी आहे. तीही दिसत नसेल तर हस्ताकडे वळू नका, वरचं एकेक पुन्हा तपासा.

गेल्या एप्रिलच्या अमावास्येला दोन रात्रींत १८० सेकंदांच्या ९६ फ्रेम मिळाल्या, पाच तासांना थोडं कमी. नऊ तासांच्या जुन्या स्टॅकपेक्षा निम्म्याच्या आसपास. दर फ्रेमला डिथर, डार्क नाहीत, आरशामागे फडकं, धुऱ्यावर पत्रा. उलटा करून लहान केला, तर दक्षिणेकडची शेपटी टोकापर्यंत दिसली, खाली जाऊन हलकी वळलेली, टोकाशी किंचित दाट. काकाजींना दाखवली. त्यांनी बोट ठेवून टोकापर्यंत फिरवलं आणि विचारलं, ‘अन दुसरी?’ उत्तरेकडची अर्ध्यावर विरते आहे. तिला अजून तास लागतील, आणि आता वाढवलेला प्रत्येक तास तिच्याच कामी येतो.